पाण्यात उतरू नये

कॉलेजला जायच्या आधी, गॅसवर चहा ठेवून, मी रोज आमच्या जलतरण क्लबाच्या वेबसाईटवरची घाण काढायची. वेबसाईटच्या तळाशी ‘अभिप्राय’ नावाचं एक पान होतं. क्लबाबद्दल कोणी चार शब्द लिहावेत म्हणून ठेवलेलं. महिला बॅचचा एकच फोटो मी टाकला होता, तोही लांबून काढलेला. नदीच्या पाण्यावर सात-आठ डोकी आणि मागे धुकं. त्या डोक्यांकडे पाहून भंडाऱ्यातल्या आणि आणखी कुठकुठल्या पुरुषांना काय काय सुचायचं ते मी इथे लिहिणार नाही. नवऱ्यालाही कधी वाचून दाखवलं नाही. एकेक ओळ निवडायची, पुसायची आणि हात धुवायचे. कॉम्प्युटरला हात लावला म्हणून हात कशाला धुवायचे? पण मी धुवायची, साबण लावून, आणि मग चहात साखर टाकायची.

मी तेव्हा एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. माहेर वरठीचं, वडील रेल्वेत. सासर भंडाऱ्यात. वरठीच्या आमच्या वस्तीत एखादी मुलगी पोहते असं कोणी ऐकलं नव्हतं. लेक झाल्यावर माझी कंबर धरली ती सुटेना. डॉक्टर म्हणाले, पोहायला जा. मला हसू आलं. भंडाऱ्यात बाईमाणसाने पोहायचं कुठे? त्याच दवाखान्यात काम करणाऱ्या एका वयस्क नर्सबाईंनी मला दाराबाहेर गाठलं. निवृत्तीला आल्या होत्या, अंगाने सडसडीत, आवाज खणखणीत. सगळा गाव त्यांना सिस्टर म्हणायचा.

“हसते काहून?” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी घाटावर ये. सलवार-कुडता घालून ये, ओढणी घरी ठेव.”

नदीत बायकांना पोहायला शिकवणाऱ्या क्लबात सिस्टर एकट्याच. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीखाली आपला तळहात धरला आणि म्हणाल्या, “डोळे मीट अन् मान सोड. पाणी धरते तुले.” मी मान सोडली. कानात पाणी गेलं, बाहेरचे आवाज बंद झाले आणि कंबरेतला तो महिनोन्महिने रुतलेला खिळा कोणीतरी अलगद काढून घेतल्यासारखं वाटलं. वैनगंगेचं पाणी तेव्हा वाहतं होतं. हिवाळ्यात तळाची वाळू दिसायची, पायाच्या बोटांना मासोळ्या लुचायच्या. मी घरी यायची ती केस ओले ठेवूनच. केसांतल्या नदीच्या वासाने मला दिवसभर बरं वाटायचं.

वेबसाईटचं प्रकरण त्यानंतरचं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमचा क्लबही अर्धा झाला होता. चांगले पोहणारे बहुतेक तिकडचे. त्यांनी तिकडे आपला क्लब काढला आणि काही वर्षांनी त्यांची वेबसाईट निघाली. ती बातमी आमच्या अध्यक्षांना फार लागली. अध्यक्षांची ट्रॅक्टरची एजन्सी होती. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. त्या बुटांवर मी कधी पाण्याचा शिंतोडा पाहिला नाही. बैठकीत ते म्हणाले, “तिकडच्यायची वेबसाईट निंगाली. आपली काहून नाही?” मग माझ्याकडे वळून, “मॅडम, तुमी कॉम्प्युटरवाल्या. आजपासून तुमी आमच्या वेबमास्तरीण.”

सगळे हसले. मीही हसले. मला आनंदच झाला होता. नदीने मला जे दिलं होतं त्याची थोडी परतफेड करता येईल असं वाटलं.

ती वेबसाईट मी फार मन लावून केली. मराठी अक्षरं तेव्हा निम्म्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन दिसायची, त्यावर उपाय शोधत बसले. घाटावर कसं यायचं, कोणत्या महिन्यात पाणी किती असतं, पोहायला न येणाऱ्याने कुठे उभं राहायचं, पुराच्या दिवसांत काय करायचं, हे सगळं सिस्टरांना विचारून लिहिलं. नदीचे फोटो मी स्वतः काढले. एका फोटोत सूर्य नुकताच वर आलेला आणि पाणी असं निळं की बघणाऱ्याला उडी मारावीशी वाटावी. तो पहिल्या पानावर ठेवला.

अध्यक्षांनी ते पान एजन्सीतल्या कॉम्प्युटरवर पाहिलं आणि विचारलं, “माहा फोटो कुठं आहे?”

तो टाकला. मग त्यांच्या वाढदिवसाचा टाकला. मग कुठल्या कुठल्या पाहुण्यांना ते पुष्पगुच्छ देत आहेत ते फोटो आले. सगळ्यात वर उजवीकडून डावीकडे पळणारी शुभेच्छांची पट्टी आली. पोहण्याची माहिती खाली खाली सरकत गेली. आमचे सचिव एका पतसंस्थेत कामाला होते, गोड बोलणारे, हातात कायम सुपारी. ते एकदा म्हणाले, “मॅडम, महिला बॅचचे आणखी फोटो टाका ना. लोकं तेच पाहून राहिले.” आणि सुपारी चावत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर सारखा केला.

अभिप्रायांच्या पानाबद्दल मी सांगितलंच. एका सकाळी त्यात सिस्टरांबद्दल एक ओळ होती. त्यांच्या पोहण्याच्या कुडत्याला पाठीवर एक ठिगळ होतं, त्या ठिगळावरून काहीतरी लिहिलेलं. ते ठिगळ फोटोत दिसत नव्हतं. म्हणजे लिहिणारा घाटावर येऊन बघून गेला होता. साठीच्या बाईबद्दल. मी ते पानच काढून टाकलं आणि महिला बॅचचा फोटोही. कोणी लिहिलं ते मला कधी कळलं नाही. पण त्यानंतर घाटाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे मी त्या ओळीसकट पाहू लागले. सचिव पुढच्या बैठकीत म्हणाले, “अभिप्राय काहून बंद केले?” मी म्हटलं, “बिघडलं आहे ते.” सिस्टरांना मी काही सांगितलं नाही.

मग नदी बिघडली.

एकदम नाही. खाली धरणात पाणी अडवायला लागले तेव्हा आधी सगळे खूषच झाले. ऐन उन्हाळ्यात घाटाच्या पायऱ्यांपर्यंत पाणी! अध्यक्षांनी मला तसा मजकूर पाठवला, मी टाकला. पण पाणी आता वाहत नव्हतं, उभं होतं. वरच्या गावाशहरांतून जे काही नदीत सुटायचं ते येऊन इथेच थांबायचं. पहिल्या वर्षी पाण्यावर साय आल्यासारखा हिरवा थर दिसला. हाताने बाजूला सारून आम्ही पोहलो. मग अंगाला खाज सुटू लागली. मग वास. सुरुवातीला वाटायचं काहीतरी मेलेलं वाहत आलं असेल, उद्या जाईल. तो वास कुठे गेला नाही. जलपर्णी वाढली, तिच्या मुळांत प्लास्टिक, केस, निर्माल्य, दवाखान्यातल्या पट्ट्या अडकून राहू लागल्या. एका सकाळी सिस्टर पाण्यातून वर आल्या तेव्हा त्यांच्या मनगटाला एक वापरलेली पट्टी चिकटली होती. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या जखमा धुतल्या होत्या. पण ती पट्टी त्यांनी काठीने काढली आणि पायरीवर बसल्या.

“बस झालं,” शेवटी त्या म्हणाल्या. “हे पाणी आता अंगाले लावाचं नाही. बायकायले सांगून दे. अन् तुझ्या त्या वेबसाईटवर लिहून टाक.”

मी तोच फोटो काढून टाकला, निळ्या पाण्याचा. त्याच पायरीवरून नवा काढला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: नदीचे पाणी सध्या पोहण्यास योग्य नाही. कृपया कोणीही पाण्यात उतरू नये. मुलांना आणू नये.

दुपारी कॉलेजात फोन आला.

“मॅडम, हे काय लिहिलं?” अध्यक्ष.

“खरं आहे ते लिहिलं, सर. तुम्ही घाटावर येऊन पाहा.”

“मले काय घाट मालूम नाही काय? पन असं जाहीर लिहितेत का? स्पर्धा आहे आपली. पाहुने ठरले. अन् नदी आपली माय होय, मॅडम. मायबद्दल असं लिहिते का कोनी?”

“माय आजारी असली तर डॉक्टरला सांगतो ना आपण.”

“घरातलं घरात सांगतो,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सचिवांकडेही वेबसाईटचा पासवर्ड होता. बैठकीत ठरवूनच दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर सूचना गायब आणि निळं पाणी जागेवर. मी पुन्हा बदललं. त्यांनी पुन्हा बदललं. चार-सहा दिवस हाच खेळ चालला. मग त्यांनी स्पर्धेची जाहिरात टाकली, गटवार, बक्षिसांसकट, आणि खाली लिहिलं, ‘संपर्क: वेबमास्टर’, पुढे माझा मोबाईल नंबर. मला न विचारता.

ते पाहून मला आधी राग आला आणि लगेच वाटलं, बरंच झालं. फोन येतील ते मलाच येतील. आले. शहापूरहून आले, तुमसरकडून आले, पवनीहून आले. मी प्रत्येकाला एकच सांगितलं, “पाणी घाण आहे, मुलांना आणू नका.” कोणी आभार मानले. कोणी म्हणाले, “मंग जाहिरात कायले दिली?” एकाने मला चांगलंच झापलं. मी ऐकून घेतलं. मला वाटलं, सगळ्यांना थांबवलं. फोन न करता येणारेही असतात हे माझ्या ध्यानात आलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी मी आणि सिस्टर घाटावर गेलो. जाऊ नये असं आधी ठरवलं होतं. मग सिस्टर म्हणाल्या, “कोनी आलंच तं सांगाले कोनी पायजे.” घाटासमोरची जलपर्णी एका डोंग्यातून ओढून चौकोनी जागा मोकळी केली होती. भोवती झेंडूच्या माळा. ओढलेली जलपर्णी तिथेच काठावर ढीग करून टाकलेली, ती उन्हात कुजत होती. वास असा की बोलायला तोंड उघडलं की जिभेवर बसायचा. मंडपातल्या खुर्च्यांवर पाहुणे नाकाला रुमाल लावून बसले होते आणि मध्ये मध्ये रुमाल खाली करून हसत होते, फोटोसाठी.

आधी नदीपूजन. अध्यक्ष पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर टोपी. आचमनासाठी तांब्याचा कलश पुढे आणला. मी पायऱ्यांच्या कडेला उभी होते म्हणून मला दिसलं. सचिवांनी मंडपामागे जाऊन पाण्याची सीलबंद बाटली फोडली आणि ती कलशात ओतली. रिकामी बाटली त्यांनी जलपर्णीच्या ढिगात फेकली. अध्यक्षांनी त्या पाण्याने आचमन केलं, पाहुण्यांच्या तळहातावर दिलं, डोळे मिटून म्हणाले, “माते!” टाळ्या झाल्या.

मी पदर तोंडावर धरला. सिस्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनीही पाहिलं होतं.

“पाहिलं?” मी म्हटलं.

“पाहिलं. नर्स होती मी. लोकं काय काय करतेत ते पाहिलं आहे. पन हे नव्हतं पाहिलं.”

स्पर्धक थोडेच होते. बरेच एजन्सीत कामाला असणाऱ्यांचे मुलगे, त्यांना यावंच लागलं असणार. आणि एक माणूस, पायात चपला, हातात डब्याची पिशवी, सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी. केसांना घट्ट वेण्या, अंगात शाळेच्या खेळाचा पोशाख. तो माणूस पायरीवर उभा राहून पाण्याकडे पाहत होता. मग आजूबाजूला पाहिलं आणि मलाच येऊन विचारलं, “ताई, ते नदी कुठं आहे?”

“कोणती?”

“इंटरनेटवरच्या फोटोतली. माह्या भाच्यानं साकोलीले दाखवली. निळी होती.”

ते एकोडीचे, धानाची शेती. मुलगी गावच्या तलावात पोहायला शिकली होती. शेतातल्या बांधीतलं काम सोडून बापाने पहाटेची बस धरून तिला आणलं होतं. मी सांगितलं, “दादा, नका उतरू देऊ तिला. हे पाणी चांगलं नाही. ते फोटो जुने आहेत. मी काढून टाकले होते, यांनी परत लावले.”

त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने वेणीचं टोक तोंडात धरलं होतं. “बाबा, आपल्या तलावात म्हशी बसतेत तरी असा वास नाही येत,” ती म्हणाली. मग लगेच, “पन मी जिंकतो.” तिकडच्या मुली जिंकतो, जातो असंच म्हणतात.

मी पुढे काही म्हणायच्या आत अध्यक्षांनी माईक घेतला. “एकोडीसारख्या खेड्यातून आपली एक कन्या आलेली आहे! जोरदार टाळ्या!” पाहुण्यांनी मागे वळून पाहिलं. सचिव आले आणि त्यांनी मुलीच्या खांद्याला हात लावून तिला पायऱ्यांकडे नेलं. सिस्टर आडव्या आल्या. “पोरगी उतरनार नाही,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “तुमाले पोहाचं असंल तं तुमी उतरा.” माईक सुरूच होता, ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. मग अध्यक्ष हसले. “आमच्या सिस्टर. वय झालं.” लोक हसले. बापाने मान खाली घातली. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या मोठ्या माणसाने टाळ्या वाजवून बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं, ते त्याला जमलं नाही. मुलीने वेण्या डोक्यावर बांधल्या आणि उडी मारली.

ती जिंकली. दोन हात मारून मुलं मान वर काढून धापा टाकत होती, तोंडात पाणी जाऊ नये म्हणून. हिने मात्र सिस्टर आम्हाला शिकवायच्या तसं, तोंड पाण्यात घालून, सरळ रेषेत अंतर कापलं. मला तिचं प्रत्येक वेळी पाण्यात जाणारं तोंड दिसत होतं. ती वर आली तेव्हा गुडघ्यापर्यंत काळा गाळ, पोशाखावर हिरवे डाग, वेणीत जलपर्णीचं मूळ. दात दाखवून हसत होती. पाहुण्यांनी पदक फितीला दोन बोटांनी धरलं आणि लांबूनच तिच्या हातात सोडलं. गळ्यात घातलं नाही. मग खिशातून छोटी बाटली काढून हातांना काहीतरी चोळलं. फोटो निघाला.

आम्ही त्या दोघांना सिस्टरांच्या घरी नेलं. बापाला बाहेर खुर्ची दिली, मी पाणी तापवलं. सिस्टरांनी मुलीला न्हाणीघरात पाटावर बसवून डोक्यापासून पायापर्यंत धुतलं. कान, नाक, नखांच्या खाली, बोटांच्या बेचक्या. फरशीवरून काळसर पाणी वाहत मोरीत जात होतं, आणि दुसऱ्यांदा साबण लावला तरी त्याचा रंग जाईना. वास घरभर पसरला. सिस्टरांचे हात फार हळू चालत होते. मुलीने डोळे मिटून विचारलं, “मॅडम, माहा फोटो वेबसाईटवर येते ना?”

“येईल,” मी म्हटलं.

आठवड्याने बापाचा फोन आला. दोन्ही कानांतून पू, ताप, अंगावर फोड. साकोलीला दवाखान्यात दाखवलं होतं. तो रागावला नव्हता. कोणती गोळी आणखी द्यावी ते सिस्टरांना विचारायचं होतं त्याला. पुढे कान बरे झाले, फोडांचे डाग बरेच दिवस राहिले.

फोन ठेवून मी तशीच अध्यक्षांच्या एजन्सीत गेले. नवा ट्रॅक्टर दारात उभा होता, हार घातलेला. त्यांनी चहा मागवला. मी मुलीचं सांगितलं.

“आता एका पोरीचा कान दुखला म्हनून क्लब बंद कराचा काय?”

“क्लब नको. पाण्यात उतरवणं बंद करा. आणि वेबसाईटवर खरं लिहू द्या.”

ते खुर्चीत मागे रेलले. आवाज मऊ झाला. “मॅडम, राग नका मानू. पन नदी म्हंजे काय, हे तुमच्या लोकायले नाही समजाचं. आमच्यासाठी ते देवी आहे.”

‘तुमच्या लोकायले.’ माझ्या घरच्यांनी धर्म बदलला त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या. मी कॉलेजात शिकवत होते, यांच्या मुलाला मीच कॉम्प्युटर शिकवला होता, यांच्या वाढदिवसाचे फोटो मी सजवून लावले होते. आणि हे वाक्य इतकी वर्षं त्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात घडी घालून तयार होतं. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला किळस आली. त्या चहाच्या कपाची, टेबलावरच्या काचेची, काचेखालच्या देवीच्या फोटोची.

“माहा आजा इथलाच होय. त्याले ह्या घाटावर पानी भरू देत नव्हते,” मी म्हटलं. घरी बोलते तशीच बोलले. “खाली, मसनाच्या पुढं भरा लागे. तवा पानी चांगलं होतं.”

चहा तसाच सोडून मी निघाले.

घरी येऊन पासवर्ड बदलला. वेबसाईटचं नाव माझ्याच नावावर नोंदवलेलं होतं, कारण तेव्हा ते किचकट काम दुसऱ्या कोणाला नको होतं. मी सगळं काढून टाकलं. वाढदिवस, पुष्पगुच्छ, पळणारी पट्टी, निळं पाणी. मुलीच्या बापाला फोन करून विचारलं, “तिचा फोटो टाकू का?” ते म्हणाले, “टाका. पन खरं लिहा.” पाहुण्यांना कापून, एकटीचा, पदक हातात धरलेला तिचा फोटो मी पहिल्या पानावर लावला. खाली लिहिलं की ही स्पर्धा हिने जिंकली. पाणी कसं होतं, त्यात उतरल्यावर हिला काय झालं, आचमनाचं पाणी कुठून आलं होतं. सिस्टरांनी वाचलं, एक शब्द बदलला. मी ‘अस्वच्छ’ लिहिलं होतं, त्यांनी ‘नासलेलं’ करायला लावलं.

मग जे व्हायचं ते झालं. प्राचार्यांनी बोलावून घेतलं, खिडकीबाहेर पाहत म्हणाले की वैयक्तिक गोष्टींत कॉलेजचं नाव येऊ नये. सासऱ्यांच्या ओळखीचे दोघे घरी येऊन बसले, बिस्किटं खाल्ली, आणि म्हणाले, “बाईमाणसानं एवढं कायले?” सचिवांनी रस्त्यात भेटल्यावर नमस्कार केला, पहिल्यासारखाच गोड. नवरा तेवढा म्हणाला, “लिहिलेलं ठेव.” मी ठेवलं.

पुढच्या वर्षी स्पर्धेला कोणी आलं नाही. ते माझ्या पानामुळे की वासामुळे, मला सांगता येणार नाही. कमिटीने तिथेच नदीचा उत्सव सुरू केला. मंच, रोषणाई, पाण्यात दिवे. पाण्यात उतरायची कोणालाच गरज नाही. त्यांची नवी वेबसाईट नागपूरच्या कोणीतरी बनवली, म्हणे फार छान आहे. मी पाहिली नाही. सिस्टर मुलाकडे पुण्याला गेल्या. मी माझं पान आणखी काही वर्षं चालवलं. अधूनमधून एखाद्या बापाचा फोन यायचा, पोहणं शिकवता का म्हणून, मी नाही म्हणायची. मग एका वर्षी मी ते नाव पुन्हा नोंदवलं नाही. नंतर सहज उघडून पाहिलं तर तिथे जुगाराची जाहिरात होती, नाचणाऱ्या बायकांची. बंद केलं. हात धुवायला उठले नाही, बसून राहिले.

मागच्या उन्हाळ्यात लेकीला पोहण्याच्या शिबिराला नागपूरला घेऊन गेले होते. ती आता वयात आली आहे, माझ्याहून उंच. शिक्षिका म्हणाल्या, “तुम्ही पण उतरा ना, तुम्हाला येतं म्हणे.” टाकीचा तळ दिसत होता, औषधाचा वास येत होता. मी पोशाख आणलाच होता. उतरले, कंबरेपर्यंत गेले, छातीपर्यंत गेले. हात पसरले. पाणी गार होतं, स्वच्छ होतं. तोंड पाण्यात घालायला मान खाली केली आणि ओठ आपोआप मिटले, नाक आखडलं. दोनदा प्रयत्न केला. लेक पलीकडच्या टोकाला पोहोचून हाका मारत होती, “आई, ये ना!” मी हात हलवून तिला पुढे जायला सांगितलं, आणि शिडी धरून वर येऊन टॉवेल गुंडाळून बाकावर बसले.